हातभट्टी कोळशातून गाळली, तरी विष का राहतं?

पेण असो वा रोहा, ‘आपली गावठी कोळशातून गाळलेली आहे, काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तर आधी हे वाचा.

हा कोळसा म्हणजे घरच्या वॉटर प्युरिफायरमधला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. बहुतेकदा नारळाच्या करवंटीचा. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग ५०० चौरस मीटरच्याही पुढे जातो. रंग आणि उग्र वासाचे मोठे रेणू त्याला चिकटतात. व्होडकाच्या कारखान्यांतही तो याचसाठी वापरतात.

मिथेनॉल मात्र सुटतं. त्याचा रेणू इथेनॉलहूनही लहान, पाण्यात सहज मिसळणारा. कोळसा त्याच्याआधी इथेनॉलच धरेल! म्हणजे वास जातो, विष राहतं आणि दारू उलट ‘चांगली’ वाटते.

गुळाच्या भट्टीत मिथेनॉल फारसं तयार होत नाही. जीवघेण्या प्रमाणात ते येतं ते बहुधा औद्योगिक मिथेनॉलच्या भेसळीतून. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने १००हून अधिक जणांचा बळी घेतला.

शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाव घालतं. लक्षणं अनेकदा १२ ते २४ तासांनी दिसतात: धूसर दिसणं, उलट्या, पोटदुखी, धाप. ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून झोपवून ठेवू नका. १०८ला फोन करा. हातभट्टी बेकायदा आहे, पण त्या भीतीने डॉक्टरांपासून लपवू नका. काय प्यायले हे कळलं तरच उतारा आणि डायलिसिस वेळेत सुरू होतं.