हॉकिन्स: कुकरच्या आधीचे आणि नंतरचे



एक इंग्रजी आडनाव आपल्यापैकी अनेकांच्या ओट्यावर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलं आहे. सकाळी डाळ-भाताच्या शिट्ट्या होतात, त्या कुकरच्या अंगावर ते लिहिलेलं असतं: हॉकिन्स. आपण ते रोज वाचतो, पण ते कुणाचं आडनाव आहे हे सहसा विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. मग आपल्या बऱ्हाणपूरच्या इतिहासावर वाचताना १६०९ सालच्या नोंदींत हेच आडनाव समोर आलं. आमच्या गावात, तापीच्या काठी, एक हॉकिन्स येऊन गेला होता. तिथून मी या आडनावाच्या मागे लागलो. जी माणसं सापडली, ती इतकी वेगवेगळी होती की त्यांची ओळख तुम्हालाही करून द्यावीशी वाटली.

आधी नावाचा अर्थ पाहू. हॉक म्हणजे ससाणा, म्हणून हे शिकाऱ्यांचं आडनाव असावं असं वाटतं. पण याची घडण वेगळी आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये 'हॉकिन' हे एक लाडाचं नाव होतं. शेवटचा 'किन' म्हणजे छोटा, जसं आपण बाळ्या किंवा सोन्या म्हणतो तसं. त्याला 'स' जोडला की झालं 'हॉकिनचा', म्हणजे हॉकिनचा मुलगा किंवा त्याच्या घरचा. विलचा विल्किन्स, पीटरचा पर्किन्स, जॉनचा जेन्किन्स ही सगळी त्याच साच्यातली आडनावं. भगवद्‌गीतेचं १७८५ मध्ये इंग्रजी भाषांतर करणारा चार्ल्स विल्किन्स याच साच्यातला. आपल्याकडे गावावरून 'कर' लागतो, कामावरून कुलकर्णी-चिटणीस होतात. त्यांच्याकडे बापाच्या लाडक्या नावावरूनही आडनाव पडतं. आता एकाच देशात हॉकिन नावाची शेकडो माणसं असली, तर हॉकिन्स घराणीही शेकडो होणार, आणि त्यांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात असू द्या.

आता आपल्या गावचा हॉकिन्स. विल्यम हॉकिन्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या 'हेक्टर' या जहाजाचा कप्तान. ऑगस्ट १६०८ मध्ये तो सुरतेला उतरला. त्याच्याजवळ इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचं पत्र होतं, आणि ते होतं बादशहा अकबराच्या नावे. अकबर १६०५ मध्येच वारला होता. हॉकिन्स निघाला १६०७ मध्ये. तेव्हाची टपाल ही अशी!

सुरतेत पोर्तुगिजांनी आणि तिथल्या मोगल अधिकाऱ्यांनी त्याला पुरतं जेरीस आणलं. शेवटी फेब्रुवारी १६०९ मध्ये पठाण घोडेस्वार सोबतीला घेऊन तो आग्र्याकडे निघाला. सुरतेहून आग्र्याला जायचं तर बऱ्हाणपूर वाटेवरच, कारण दख्खनचा मोगल कारभार इथूनच चालायचा. इथे होता अब्दुर्रहीम खानखानान. आपण शाळेत ज्याचे दोहे पाठ केले तोच हा रहीम. त्याच्याच काळात, १६१५ च्या सुमारास, आपल्या कुंडी भंडाऱ्याचं काम सुरू झालं. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात आणणारी ती योजना गावातल्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेली असते.

हॉकिन्सने आपल्या वृत्तांतात या भेटीबद्दल लिहून ठेवलं आहे. त्याने नजराणा दिला, दोघं तीन तास बोलले, मग मेजवानी झाली. निघताना खानखानानने त्याला दोन झगे दिले, एक उंची लोकरीचा आणि एक जरीचा. शिवाय बादशहासाठी शिफारसपत्र दिलं, आणि गळाभेट घेतली. तीन तासांचं हे बोलणं झालं तुर्की भाषेत. इंग्रजी, फारसी किंवा हिंदी नाही, तर तुर्की, जी दोघांनाही चांगली येत होती. एक इंग्रज खलाशी आणि एक तुर्की वंशाचा मोगल सरदार-कवी, आपल्या गावात बसून, दोघांच्याही देशाबाहेरच्या भाषेत गप्पा मारताहेत. बऱ्हाणपूरचं मोठेपण मला यात दिसतं.

पुढे एप्रिलमध्ये हॉकिन्स आग्र्याला पोचला. जहांगिरालाही तुर्की येत होती. बादशहाने त्याला ४०० स्वारांची मनसब दिली, 'इंग्लिश खान' म्हणायला सुरुवात केली आणि एका आर्मेनियन ख्रिस्ती मुलीशी त्याचं लग्नही लावून दिलं. गंमत पाहा: दरबारात त्याचं हॉकिन्स हे आडनाव कुणाच्या कामाचं नव्हतं. नवं नाव मिळालं ते देशावरून. आपण कुणाला 'पुणेकर' किंवा 'नागपूरवाले' म्हणतो, त्यातलाच प्रकार. मात्र व्यापाराचा पक्का परवाना काही त्याला मिळाला नाही. १६११ मध्ये तो आग्रा सोडून निघाला आणि १६१३ मध्ये मायदेशी परतताना वाटेतच वारला. पुढे १६१५ मध्ये सर थॉमस रो वकील म्हणून आला, तोही बऱ्हाणपूरवरूनच गेला.

आता दुसरा हॉकिन्स, आणि हा नकोसा आहे. सर जॉन हॉकिन्स (१५३२–१५९५) प्लिमथचा. इंग्लंडच्या आरमाराची जहाजं सुधारण्याचं श्रेय त्याला देतात, आणि १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराशी झालेल्या लढाईत तो आघाडीवर होता. पण त्याआधी, १५६२ मध्ये, त्याने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे ३०० माणसं पकडून कॅरिबियन बेटांवर विकली. इंग्लंडच्या गुलाम-व्यापाराच्या अगदी सुरुवातीच्या सफरींपैकी ही एक. दुसऱ्या सफरीला तर खुद्द एलिझाबेथ राणीने आपलं जहाज दिलं. या 'कामगिरी'बद्दल त्याला जे मानचिन्ह मिळालं, त्यावर दोरीने बांधलेल्या आफ्रिकी माणसाचं चित्र होतं. काही जुन्या पुस्तकांत आपला विल्यम याचा पुतण्या म्हणून दाखवला आहे, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही.

त्याच्या शेजारी तिसरा हॉकिन्स ठेवून पाहा. कोलमन हॉकिन्स, जन्म १९०४, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला कृष्णवर्णीय वादक. टेनर सॅक्सोफोन या वाद्याला जॅझमध्ये मानाची जागा मिळाली ती मुख्यतः याच्यामुळे. १९३९ मध्ये त्याने 'बॉडी अँड सोल' हे गाणं रेकॉर्ड केलं. त्यात मूळ चाल जेमतेम सुरुवातीला येते, नंतर सगळा विस्तार. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा घेऊन गवई जसा राग खुलवत जातो, तसं काहीसं. ऐकून पाहा, तीनच मिनिटांचं आहे. 'ओह हॅपी डे' हे गाजलेलं भक्तिगीत ज्याच्या गायकवृंदाने १९६९ मध्ये जगभर नेलं, तो एडविन हॉकिन्सही कृष्णवर्णीय अमेरिकन.

या लोकांकडे इंग्रजी आडनावं आली कुठून? गुलामीत माणसाचं मूळ नाव, गाव, भाषा सगळं पुसलं जायचं. १८६५ मध्ये अमेरिकेत गुलामी कायद्याने संपली, तेव्हा कुणी मालकाचं आडनाव ठेवलं, कुणी जुन्या मालकाचं, तर कुणी स्वतः निवडलं. कोलमनच्या आडनावाचा जॉन हॉकिन्सशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण माणसं विकणारा आणि ज्या समाजाची माणसं विकली गेली त्यातला कलावंत, दोघांच्या पाटीवर एकच अक्षरं आहेत. पाटी वाचून तुम्हाला यांपैकी काहीच कळणार नाही.

यादी इथे संपत नाही. बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत जगातले पहिले पूर्णाकृती डायनासोर उभे केले. हातात थोडीशीच हाडं, बाकी अंदाज. इग्वानोडॉनच्या अंगठ्याचं टोकदार हाड त्याने नाकावर शिंग म्हणून बसवलं! अपुऱ्या माहितीवर मॉडेल बांधलं की असं होतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. ते पुतळे आजही तिथे आहेत. 'द गर्ल ऑन द ट्रेन' लिहिणारी पॉला हॉकिन्स, 'द शेप ऑफ वॉटर'ची नायिका सॅली हॉकिन्स या आजच्या.

आणि एक कादंबरीतला: 'ट्रेझर आयलंड'मधला पोरगा जिम हॉकिन्स. हे पुस्तक १८८३ चं, लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. आता बऱ्हाणपूरकरांनी कान टवकारावेत. १८०३ मध्ये, असईच्या लढाईनंतर, ज्या इंग्रज कर्नलने शिंद्यांकडून बऱ्हाणपूर आणि लगोलग असीरगड घेतला, त्याचंही आडनाव स्टीव्हन्सनच! एक हॉकिन्स गावात पत्र घेऊन आला, आणि १९४ वर्षांनी एक स्टीव्हन्सन तोफा घेऊन. तिकडे कागदावर एका स्टीव्हन्सनने हॉकिन्सला नायक केलं. नातं काहीही नाही, निव्वळ योगायोग.

कुकरवाला हॉकिन्स राहिलाच. भारतातली ही कंपनी १९५९ मध्ये एच. डी. वासुदेव यांनी सुरू केली, आणि नाव आलं ते तांत्रिक सहकार्य करणाऱ्या इंग्लंडच्या एल. जी. हॉकिन्स कंपनीवरून. म्हणजे आडनाव इंग्रज, मालक भारतीय, आणि आत वरण आपलं. याचं झाकण तिरकं करून भांड्याच्या आत घालतात. वाफ ते आतून वर दाबून धरते, म्हणून दाब असेपर्यंत ते उघडत नाही. दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं, आणि तूर लवकर शिजते. आमची आजी तिच्या भाषेत एवढंच सांगायची: "वाफ जिरल्याशिवाय हात लावायचा नाही."

हे सगळं आज का लिहिलं, तेही सांगतो. आपल्या मंडळाची परिवार-सूची ऑनलाइन होते आहे आणि तिचं तांत्रिक काम माझ्याकडे आहे. एका कुटुंबाने अर्ज भरताना आडनावाचा रकाना रिकामा ठेवला आणि खाली लिहिलं, "नावाने ओळखलं तरी चालेल." का, ते आपल्यापैकी बहुतेकांना कळेल. आपल्याकडे 'आडनाव काय?' या प्रश्नाच्या पोटात बऱ्याचदा दुसराच प्रश्न दडलेला असतो, आणि उत्तर मिळालं की समोरच्याचा सूर बदलतो. हा रकाना सक्तीचा ठेवायचा की ऐच्छिक, हे पुढच्या सभेत ठरायचं आहे.

सक्तीच्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. एका ज्येष्ठ काकांनी मला सांगितलं, "अरे, आडनावातच आपलं मूळ गाव असतं. ते गेलं तर पोरांना कळणार कसं की आपण कुठून आलो?" बरोबर आहे. पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या काळात कोण कुठून या मुलखात आलं, याचे धागे आडनावांत आहेत, आणि ज्यांना ते जपायचे आहेत त्यांनी जरूर जपावेत. म्हणूनच रकाना काढून टाका असं मी म्हणत नाही. 'मूळ गाव' हा वेगळा रकाना मी आधीच ठेवला आहे.

पण ओळख पटवायला आडनाव लागतं, हे मात्र खरं नाही. आमच्या धंद्यात प्रत्येक नोंदीला एक असा क्रमांक देतात जो दुसऱ्या कुणाचा नसतो. आडनाव त्या कामाचं नाही, कारण ते अनेकांचं असतं. हॉकिन्स मंडळींनी तर हेच दाखवलं. आणि आडनाव मागे ठेवून मोठं होता येतं, हेही. 'द प्रिझनर ऑफ झेंडा' लिहिणाऱ्या अँथनी होपचं पूर्ण नाव अँथनी होप हॉकिन्स. पुस्तकांवर त्याने हॉकिन्स लावलंच नाही. आपले केशवसुत, कुसुमाग्रज, वऱ्हाडातले कवी बी, नागपूरचे ग्रेस यांना तरी कुणी आडनाव विचारत बसलं का?

तेव्हा माझं मत ऐच्छिकच्या बाजूने आहे, आणि ते मी सभेतही मांडणार आहे. तुमचं मत वेगळं असेल तर तेही सभेत येऊन सांगा, पण या. विशेषतः पंचविशी-तिशीतल्यांनी या, कारण ही सूची पुढे तुम्हालाच वापरायची आहे.