हळदीच्या आधी पाणी

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की मेहकर तालुक्यात घड्याळाकडे बघायला कुणाला सवड नसते. पहाटे डबे, मग मजुरांची जुळवाजुळव, मळणीचा हडंबा कुणाकडून कधी मोकळा होतो याचे फोन, आभाळ भरून आलं की सुड्यांवर ताडपत्री टाकायची धावपळ. नवरात्र, दसरा आणि दिवाळीची आवराआवरही याच दिवसांत येते. घरातली मोठी माणसं तीन ठिकाणी वाटली जातात आणि तीन-चार वर्षांचं पोर आजीच्या नाहीतर थोरल्या बहिणीच्या नजरेखाली राहतं. गुडघा फुटतो, बोट कापतं, अंगावर चहा सांडतो, तो नेमका अशाच आठवड्यात.

यात आईबापांना बोल लावण्यासारखं काही नाही. या वयात मुलाला पळता येतं, चढता येतं, पण उंचीचा आणि धारेचा अंदाज येत नाही, थोडंफार लागणारच. खरी गडबड होते ती पुढच्या दहा मिनिटांत. जखमेवर काहीतरी लावलं जातं आणि जखम धुवायची राहून जाते.

लावायच्या वस्तूंत पहिली हळद. रक्त दिसलं की चिमूटभर हळद दाबायची, हे घराघरात इतकं मुरलेलं आहे की त्यावर शंका घेणं म्हणजे आजीवर शंका घेणं वाटतं. त्यात एका खऱ्या घटनेची अर्धवट आठवण भर घालते. 1995 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ या गोष्टीचं पेटंट मिळालं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, त्याला हरकत घेतली आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. ही लढाई मोठीच होती. पण ती जिंकल्यावर ‘हळदीने जखम बरी होते हे अमेरिकेनेही मान्य केलं’ असा जो अर्थ लावला गेला, तो चुकीचा आहे. पेटंट गेलं ते हा वापर नवा नाही म्हणून. परिषदेने जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे 32 पुरावे मांडले आणि भारतात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे एवढं सिद्ध केलं. मसाल्याच्या डब्यातली हळद फुटलेल्या गुडघ्यात भरावी की नाही, हा प्रश्न त्या निकालात नव्हताच.

हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळांत भरपूर काम झालं आहे आणि त्याचे दाह कमी करणारे गुण खोटे नाहीत. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तोच चमचा पोह्यांत फिरतो, तोच ओला हात डब्यात जातो. सुट्या हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिसं असलेला क्रोमेट मिसळल्याचं भारतात आणि बांगलादेशात उघड झालेलं आहे. आणि ड्रेसिंगच्या टेबलावर काय होतं तेही पाहायला हवं. रक्त आणि हळद मिळून तासाभरात कडक पिवळी-तपकिरी पापडी बनते. तिच्याखाली जखम किती खोल आहे, कडा उघड्या आहेत की मिटलेल्या, आत खडा आहे का, काही दिसत नाही. ती पापडी सलाइनने भिजवून, पुसून, खरवडून काढावी लागते, आणि पोर पडताना रडलं नसेल एवढं तेव्हा रडतं. जळलेल्या कापसाची राख, चुना आणि चहापत्ती यांचंही हेच होतं. कापूसही थेट उघड्या जखमेवर ठेवू नये. त्याचे तंतू रक्तात चिकटून बसतात.

करायचं काय, तर नळाच्या किंवा पिण्याच्या वाहत्या पाण्याखाली जखम धरायची, माती पूर्ण निघेपर्यंत. भोवतीची कातडी साबणाने धुवायची. रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाने दहा मिनिटं दाबून धरायचं आणि ‘थांबलं का’ म्हणून मधेमधे उचलून पाहायचं नाही. जखमेची तोंडं उघडी दिसत असतील तर टाक्यांसाठी त्याच दिवशी, शक्यतो सहा-आठ तासांच्या आत, दवाखाना गाठायचा.

‘जखम उघडी ठेवा, वारं लागू द्या, लवकर सुकेल.’ सुकते खरी, पण भरते उशिरा. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की झाकलेली, किंचित ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने नवी त्वचा धरते. कडक खपलीखालून नव्या पेशींना वाट काढावी लागते, म्हणून वेळ जातो. खरचटलेल्या गुडघ्यावर साधी पट्टी पुरते. भिजली किंवा मळली की बदलायची.

भाजण्याच्या बाबतीत तर लावालावीचा फार मोठा भुर्दंड पडतो. टूथपेस्ट, तूप, बटाट्याचा कीस, शाई, फ्रीजमधला बर्फ. दिवाळीचा फराळ तळताना कढईतलं तेल उडतं, नाहीतर ओट्याच्या कडेला ठेवलेला चहा ओढून घेतला जातो. चटका बसल्यावरही कातडीत उष्णता शिल्लक असते आणि ती आत उतरत जाते. तिला बाहेर काढायचा एकच चांगला मार्ग म्हणजे गार, वाहतं पाणी, तेही सलग वीस मिनिटं. वीस मिनिटं म्हणजे रडणाऱ्या मुलाचा हात नळाखाली धरून उभं राहणाऱ्या बाईला फार मोठा वेळ वाटतो. दोन मिनिटांत सोडून दिलं जातं, आणि तिथेच नुकसान होतं. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहावं. लगेच जमलं नाही तरी भाजल्यापासून तीन तासांच्या आत केलेल्या या उपायाचा फायदा होतो. बर्फाने रक्तपुरवठा आवळला जातो आणि भाजलेली कातडी आणखी मरते. टूथपेस्ट आणि तूप उष्णता आत कोंडतात. मनगट्या, वाळे, करदोडा सूज चढण्याआधी काढायचे. फोड फोडायचे नाहीत. भाजलेली जागा मुलाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा चेहरा, हात, सांधा, जांघेचा भाग असेल, तर पाण्यानंतर थेट दवाखाना.

मूल डोक्यावर पडलं की घरचे त्याला झोपू देत नाहीत. दुपारच्या झोपेच्या वेळी पडलेलं, रडून दमलेलं पोर पेंगणारच. त्याला हलवून हलवून जागं ठेवल्याने मेंदूचं संरक्षण होत नाही. पडल्यावर लगेच रडलं, आईला ओळखतंय, नेहमीसारखं बोलतंय, तर त्याला झोपू द्यावं आणि अधूनमधून हलकेच उठवून पाहावं. टेंगूळ किती मोठं आहे यापेक्षा मूल कसं वागतंय हे जास्त सांगून जातं. बेशुद्धी, झटका, पुन्हा पुन्हा उलटी, उठवूनही न उठणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, चालण्यात तोल जाणं, यांतलं एक जरी दिसलं तरी वाट पाहायची नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला कोणत्याही दणक्यानंतर डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

दुसऱ्या टोकाला ‘डोक्याला लागलं ना, मग सिटी स्कॅन करूनच टाका’ हा आग्रह असतो. 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 42 हजारांहून अधिक मुलांचा अमेरिकी अभ्यास आला. कोणत्या मुलाला स्कॅनची गरजच नाही हे वागणुकीच्या आणि तपासणीच्या खुणांवरून कसं ओळखावं, ते त्यातून ठरलं. पडण्याची उंची त्यात धरलेली आहे: दोन वर्षांखालच्या मुलासाठी तीन फूट, मोठ्यासाठी पाच फूट. बाजेवरून पडणं आणि माळवदावरून पडणं यांत डॉक्टर फरक करतात तो यासाठी.

आता हात. गर्दीत चालताना पोर मागे राहतं आणि घाईत त्याला एका हाताने ओढून उचललं जातं. मूल रडतं, मग शांत होतं, पण तो हात वापरेनासं होतं. कोपर किंचित वाकवून हात पोटाशी धरलेला, तळवा आत वळलेला. सूज नाही, खूण नाही. बिस्किट दिलं तर दुसऱ्या हाताने घेतं. एक ते चार वर्षांच्या मुलांत कोपराजवळचं हाड आपल्या कड्यातून किंचित सरकतं, त्याचं हे चित्र. घरी त्याला ‘लचक भरली’ म्हणतात आणि तेल लावून चोळतात. जाणत्या डॉक्टरच्या हातून ते क्षणभरात जागेवर बसतं आणि थोड्याच वेळात पोर त्याच हाताने बिस्किट घेतं.

पण पडून कोपर सुजला असेल तर गोष्ट वेगळी. ‘बोटं हलतात, म्हणजे मोडलेलं नाही’ हा समज मुलांच्या बाबतीत फार घातक आहे. लहान हाडं ओल्या फांदीसारखी एका बाजूने चिरतात. बोटं हलतात, तरी हाड मोडलेलं असतं. अशा हाताला चोळून वर कामट्यांची आवळपट्टी बांधली तर आतला रक्तपुरवठा तुटतो. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 मध्येच वर्णन केलेली, पंजा कायमचा आकडून टाकणारी ही गुंतागुंत आजही घट्ट बांधलेल्या हातांत दिसते. सुजलेला हात पुठ्ठ्यावर सैल बांधायचा, चोळायचा नाही, आणि एक्स-रे काढायचा. वाहन नसेल तर 108 ला फोन करायचा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून मोफत आहे. जिल्ह्याचं ठिकाण बुलडाणा मेहकरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, त्यामुळे ‘संध्याकाळी शेतातून आल्यावर बघू’ म्हणून घालवलेला वेळ जास्त महाग पडतो.

घोळणा फुटल्यावर मान मागे टाकू नये. रक्त घशात उतरून उलटी होते. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरावा.

धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दोन उलटे गैरसमज एकाच घरात नांदतात. गंजका खिळा लागला तरच धोका, हा एक. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, मातीत आणि शेणात असतात. पैनगंगेकाठच्या शेतात अनवाणी पायाला लागलेलं धसकटाचं टोक तेवढंच धोक्याचं. दुसरा गैरसमज, प्रत्येक खरचटण्याला सुई हवीच. मुलाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलेंट, सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पुन्हा पाच-सहा वर्षांचं असताना बूस्टर मिळालेला असेल, तर साध्या जखमेला वेगळं इंजेक्शन लागत नाही. जखम मळकी आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटलेली असली, तर लागतं. म्हणून दवाखान्यात जाताना लसीकरणाचं कार्ड सोबत घ्यायचं. बूस्टर राहिला असेल तर तो डॉक्टरांना त्यावरूनच कळतो.

आणि ज्याला किरकोळ समजून सोडून देण्याची चूक जिवावर बेतते, तो कुत्र्याचा दात. ‘नुसता ओरखडा आहे’, ‘पाळलेलं पिल्लू होतं’ ही कारणं रेबीज मानत नाही, आणि लक्षणं सुरू झाल्यावर त्यावर इलाज उरत नाही. तिखट, चुना, हळद यांतलं काहीही लावायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे लस मोफत मिळते. दात रुतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही भरावं लागतं, ते आवर्जून विचारायचं. कातडीत द्यायच्या लसीचं वेळापत्रक पहिल्या डोसच्या दिवसापासून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस असं असतं. पोर खेळायला लागलं आणि हडंबा दारात आला की तिसरी-चौथी सुई विसरली जाते. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्या आणि सोंगणी एक दिवस लांबली तरी चालेल, पण दवाखान्याची फेरी चुकवू नये.