रूळ, रणगाडे आणि थोरली आई

मैत्रिणींनो, सहलीहून परत येताना बाई पिशवीतून काय आणते? साडी, कंदी पेढे, देवाचा अंगारा, नातवाला भोवरा. मी एकदा रुळाचा गंजका खिळा आणला होता. सासूबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, घरात भंगार कमी होतं का?" तो खिळा अजून शोकेसमध्ये आहे, गणपतीच्या शेजारी. आमच्या ह्यांनी दोनदा उचलून माळ्यावर टाकला, मी दोनदा खाली आणला.

हे वेड माहेरचं. मी बार्शीची. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. आमच्या लहानपणी बार्शी लाईट धावायची, अडीच फुटांच्या अरुंद रुळांवरून. ती इतकी सावकाश जायची, की पोरं उतरून बोरं तोडायची आणि पळत जाऊन पुन्हा चढायची, असं सगळेच सांगतात. मी स्वतः उतरले नाही, आईनं वेणी धरून ठेवलेली असायची. आषाढी-कार्तिकीला मात्र डब्यात जेवढी माणसं, तेवढीच टपावर.

ही गाडी १८९७ साली सुरू झाली, कुर्डुवाडी ते बार्शी, २१ मैल. मग १९०६ साली पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत पोचली. बांधणाऱ्या साहेबाचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. वडील हे नाव घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं घ्यायचे. "कॅलथ्रॉपनं काय डोकं लावलं बघ, रूळ हलके ठेवले, पण वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं," हे जेवताना ऐकायचं आणि भाकरी मोडायची.

पुढे मीच वाचत गेले तेव्हा कळलं, की या साहेबानं आणखी एक उद्योग केला होता. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइस मोटारीतला रोल्स, १९१० साली विमान कोसळून गेला. त्याचा कॅलथ्रॉपला इतका चटका बसला, की त्यानं विमानातल्या माणसाला जिवंत खाली उतरवणारी छत्री बनवायला घेतली. नाव ठेवलं 'गार्डियन एंजल'. पहिल्या महायुद्धात १९१७ साली एका अधिकाऱ्यानं लंडनच्या टॉवर ब्रिजवरून त्या छत्रीनं उडी मारून दाखवली. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ती वापरलीही गेली. पण लढाऊ वैमानिकांना मात्र इंग्रज सरकारनं युद्ध संपेपर्यंत छत्र्या दिल्या नाहीत. बार्शीची गाडी बांधणाऱ्या माणसाचा जीव त्या पोरांसाठी तळमळत होता, हे वाचून मला आमची छोटी गाडी एकदम मोठी वाटायला लागली. आता ते अरुंद रूळ गेले. सगळीकडे मोठी लाईन झाली, शेवटी २०११ च्या सुमारास मिरजेची बाजूही.

तेव्हापासून माझ्या फिरण्यात रेल्वेला युद्धाचीही जोड मिळाली. सासर कोरेगावकडचं. सातारा जिल्हा म्हणजे घरटी एक माणूस फौजेत. आपशिंगे मिलिटरी हे गाव तर आमच्या जवळच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांच्या नावानं तिथं स्मारक आहे. आमच्या बचत गटाच्या बायकांना मी पहिल्यांदा तिथंच नेलं. मग नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं संग्रहालय पाहायला गेलो. १९९४ सालचं आहे, नक्की बघा. १९६५ च्या लढाईत पकडलेला पॅटन रणगाडा तिथं आहे. आमची एक मैत्रीण त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "एवढं लोखंड वितळवलं असतं तर अख्ख्या तालुक्याला तवे झाले असते." तिथंच रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे. मी बायकांना कॅलथ्रॉपच्या मित्राची गोष्ट सांगायला लागले, तोवर सगळ्या भेळेकडे.

खडकीची सहल मात्र वेगळी झाली. आम्ही चौदा जणी पहाटेच्या गाडीनं पुण्याला आणि तिथून लोकलनं खडकीला. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी. खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे, साडेसोळाशेच्या वर थडगी. हिरवळ इतकी नीट कापलेली, की पाय ठेवायला संकोच वाटावा. ओळीनं दगड, मधे फुलझाडं. दगडावर नाव, पलटण, वय. बायका आधी मोठ्यानं बोलत होत्या. मग एकीनं वय वाचलं, एकोणीस. दुसरीनं वाचलं, एकवीस. तिचा मुलगा एकवीसचाच. त्यानंतर कुणी बोललंच नाही. काही दगडांवर खाली घरच्यांनी सांगितलेली एखादी ओळ कोरलेली असते. मी अर्थ सांगत गेले, त्या ऐकत गेल्या. परक्या मुलखातल्या आयांची पोरं ती, पण तेव्हा परकं वाटलं नाही.

तिथं पहिल्या महायुद्धाचंही स्मारक आहे, अठराशेहून जास्त नावांचं. बायका दशम्या सोडायला झाडाखाली बसल्या आणि मी ती नावं वाचत राहिले. एक नाव शोधत होते. खरं तर ते तिथं नसणार हे मला ठाऊक होतं. भारतात वारलेल्या आणि ज्यांच्या कबरी सांभाळणं शक्य राहिलं नाही, अशा सैनिकांची ती नावं. मी शोधत होते तो माणूस समुद्रापलीकडे गेला होता. पण डोळे ऐकत नाहीत.

आता ही घरची गोष्ट सांगते. आमच्या सासऱ्यांच्या आजोबांचा थोरला भाऊ मराठा पलटणीत होता. तो बसऱ्याच्या लढाईला गेला. आपल्याकडे जुनी माणसं 'बसरा' म्हणतात, ते म्हणजे आताच्या इराकमधलं युद्ध. त्याची बायको तेव्हा सोळा-सतराची. घरात सगळे तिला थोरली आई म्हणायचे. मूलबाळ नव्हतं, दिराची मुलं-नातवंडं तिनंच वाढवली. सासूबाई १९६२ ला लग्न होऊन आल्या तेव्हा थोरली आई साठीच्या पुढची होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या.

नवरा गेल्याचा कागद आला होता. शाळामास्तरांनी वाचून दाखवला. पण त्यावर नाव चुकलेलं. नावातलं एक अक्षर वेगळं, बापाच्या नावाचा तर पत्ताच नाही, गावाचं नावही धड नाही. थोरल्या आईनं कागद परत मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा माझा माणूस नव्हं. दुसऱ्या कुणाचा तरी कागद हितं आलाय." झालं. पेन्शन घ्यायला अंगठा दे म्हणून सांगायला माणसं आली, दिरानं समजावलं, भावानं समजावलं. अंगठा दिला की विधवा, हे तिला पक्कं कळत होतं. तिनं अंगठा दिला नाही. दुष्काळात दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली, पण अंगठा दिला नाही. सासूबाई सांगतात, दुपारी गाडीची शिट्टी ऐकू आली की हातातलं काम थांबायचं तिचं. एवढंच. स्टेशनवर बिसनवर कधी गेली नाही.

१९६७ साली ती गेली, मळवट भरूनच नेली. त्यानंतर मग घरच्यांनी दोघांची पानं घालायला सुरुवात केली. तिची तिच्या तिथीला आणि त्याचं सर्वपित्री अमावास्येला, कारण त्याची तिथी कुणाला माहीतच नव्हती.

लग्न होऊन आले तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यात. मी बसऱ्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. आपल्या पुणे डिव्हिजनच्या फौजेला तिकडं कूत नावाच्या गावात तुर्कांनी वेढलं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. त्यात मराठा पलटणी होत्या. खायला उरलं नाही तेव्हा घोडे कापले. आपल्या पोरांनी बरेच दिवस ते मांस खाल्लं नाही. घरी कळलं तर काय म्हणतील, जातीत घेतील का, ही भीती. शेवटी खायला हरकत नाही असा निरोप हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून मागवावा लागला. तोवर कित्येकांची तब्येत ढासळली होती. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, नोकर-चाकर धरून तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदी झाली. त्यातल्या पुष्कळ हिंदी शिपायांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपलं. बगदाद रेल्वे! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. ज्या गोष्टीच्या पायी मी गावोगाव फिरते, तिचे रूळ कुणाच्या हाडांवर बसवले गेले असतील, हा विचार तोवर मला शिवला नव्हता.

मेलेल्यांचं मोठं स्मारक बसऱ्याला आहे, चाळीस हजारांहून जास्त लोकांचं. सद्दामच्या काळात, १९९७ मध्ये, ते गावाबाहेर हलवलं. तिथं गोऱ्या सैनिकांची नावं दगडावर कोरलेली आहेत. आपल्या फक्त अधिकाऱ्यांची. शिपायांची नावं नाहीत, पलटणीच्या नावाखाली आकडा आहे, इतके इतके हिंदी शिपाई. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगानं चौकशीचा अहवाल काढला. निदान १ लाख १६ हजार माणसांची नावं लागलीच नाहीत, किंवा त्यांची कुठं नोंदच झाली नाही, असं त्यात कबूल केलं आणि माफी मागितली. आमच्या गावातही असाच दगड आहे, चावडीच्या भिंतीत. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यातले पाच कामी आले. पाच कोण, ते नाही. त्यावर वर्षानुवर्षं पोस्टरं चिकटत होती. गटाच्या बायकांनी एका रविवारी गरम पाणी आणि काथ्या घेऊन तो घासला, तेव्हा अक्षरं दिसली.

गेल्या वर्षी पुतण्या दिवाळीला आला होता. त्या आयोगाची यादी आता संगणकावर पाहता येते. दोघं बसलो. आधी नीट नाव घालून पाहिलं, काही नाही. मग मी म्हटलं, "अरे, कागदावर चुकलं होतं ना, तसंच चुकवून घाल." सासूबाईंना ते चुकलेलं नाव तोंडपाठ होतं. थोरली आई रागानं ते तसंच म्हणायची म्हणे. पुतण्यानं घातलं. एक नोंद आली. शिपाई, ११७ वी मराठा पलटण, सातारा, गावाचं नाव वाकडंतिकडं, पण मोठ्यानं वाचलं तर आमचंच. ऑगस्ट १९१६. स्मारक, बसरा.

म्हणजे शरणागतीनंतरची तारीख. कैदेतच गेला. सोळा वर्षांची पोर त्या ऑगस्टमध्ये काय करत असेल? नागपंचमीला माहेरी गेली असेल, झोका खेळली असेल.

पुतण्या उत्साहात. त्यानं मोबाईलवरच त्या तारखेची तिथी काढली. "काकू, आता त्याच तिथीला पान घाला. शंभर वर्षांनी बरोबर तिथी मिळाली!" मलाही तसंच वाटत होतं. इतकी वर्षं शोधलं ते कशासाठी? आयोगाला नाव दुरुस्त करायला पत्र लिहायचं, हेही मी मनात ठरवून टाकलं होतं. ते पत्र लिहिलं आहे, पुरावे जोडायचं काम चाललं आहे. शाळेचं जुनं रजिस्टर मिळालं, सातबारा मिळाला.

सासूबाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मोबाईलमधली नोंद मी त्यांच्यासमोर धरली, त्यांनी चष्मा लावून पाहिली, इंग्रजी येत नाही तरी पाहिली. मग म्हणाल्या, "पत्राचं तू बघ. नाव नीट करून घे, थोरल्या आईला ते फार लागलेलं." आणि तिथीचं?

"ते आमोशेलाच राहू दे. साठ वर्षं त्या दिवशी जेवायला येतोय तो. आता दिवस बदलला तर बिचारा येऊन परत जायचा."

या पितृपक्षात अमावास्येलाच पान वाढलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. सासूबाईंनी एक पोळी जास्त ठेवली.