गैरहजर का?

मुलांनो, हजेरीपटावर एखाद्याच्या नावापुढे 'गैरहजर' अशी खूण करायला क्षणही लागत नाही. खूण केली की काम संपले! यात कोणी कोणाला मारले नाही, की रागावले नाही. बेपर्वाई अशीच असते. ती वाईट बोलत नाही, ती काही विचारतच नाही. आस्था असलेला माणूस मात्र विचारतो, "का बरं आला नाही?"

या 'का'मुळे काय घडते ते पाहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. (तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे.) भोवती वारली आदिवासींचे पाडे. तिथली मुले शाळेत येत नसत. "यांना शिकायची आवडच नाही," असे म्हणून मोकळे होता आले असते. असे म्हणणारे आजही भेटतात.

या दोघींनी पाड्यावर जाऊन पाहिले. आईबाप मजुरीला जात. मग धाकट्या भावंडाला कडेवर कोणी घ्यायचे? सात-आठ वर्षांच्या ताईने! गुरे कोणी राखायची? दादाने! म्हणजे मुले आळशी नव्हती. उलट घरचा भार त्यांच्याच अंगावर होता.

मग शाळाच बदलली. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली. तिला विकासवाडी म्हणत. ताई धाकट्याला घेऊनच शाळेत येऊ लागली. गुराख्यांसाठी कुरणातच कुरणशाळा भरली. चिमुकल्यांसाठी बाई पाड्यावर जात आणि अंगणातच वर्ग घेत, ती अंगणवाडी. खडे, पाने, बिया हीच खेळणी. आंघोळ घालणे, नखे कापणे हेही शिक्षणच. (नखे कापणे हे का शिक्षण, असे कोणी म्हणेल. पण अंगाला खाज सुटलेल्या मुलाचे लक्ष पाटीवर राहील का?) पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले.

असा 'का' आपल्या घरीही असतो बरं का. बैलाने वैरणीला तोंड लावले नाही, तर बाबा "माजलाय" म्हणून झोपी जात नाहीत. लाळ्या-खुरकत तर नाही ना, म्हणून तोंड पाहतात, खूर पाहतात. रात्री बॅटरी घेऊन पुन्हा गोठ्यात जातात.

वर्गात कोणाची जागा चार दिवस रिकामी दिसली, तर शेजारी राहणाऱ्याने संध्याकाळी त्याच्या घरी जावे. "शाळा का बुडवलीस रे?" असे दरडावू नये. त्याच्या कडेवरचे बाळ थोडा वेळ आपण घ्यावे आणि वही त्याच्यापुढे ठेवावी. तेवढ्यात त्याची गणिते उतरवून होतात.