जसा श्रोता, तशी नाथांची भाषा

शरीर हा परगणा, जीव तिथला शेकदार आणि बुद्धी कारकून. देशमुखी मनाकडे, देशपांडेपण ममतेकडे, तर क्रोध नाईकवाडी. ही मंडळी साहेबाच्या कामात अडथळे आणतात, अशी तक्रार थेट परमेश्वराच्या दरबारी गुदरली जाते. संत एकनाथांच्या ‘अर्जदस्त’ या रचनेचा हा मजकूर. विषय वैराग्याचा, पण घाट अस्सल दफ्तरी कागदाचा, फारसी मायन्यासकट.

ही कचेरीची भाषा नाथांना परकी नव्हती. पैठणचे हे संत सोळाव्या शतकातले, निजामशाहीच्या काळातले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे, किल्लेदार. गुरूगृही नाथांनी हिशेबाचं काम केलं, असं परंपरा सांगते. अंमलदारांपुढे हात जोडून उभ्या राहणाऱ्या रयतेच्याही कानावर हे शब्द रोज पडत. त्यामुळे मन देशमुख झालं की त्याची मिजास वेगळी सांगावी लागत नसे.

हाच कवी काशीत 1573 साली भागवताच्या अकराव्या स्कंधावरची टीका पुरी करतो, तेव्हा ओवी संथ होते, संस्कृत परिभाषा मोकळेपणाने येते. एक मुद्दा अनेक दृष्टान्तांनी उलगडायला तिथे सवड आहे. भारुडात ती सवड नाही. समोर बाजारचा माणूस उभा. म्हणून जोशी, गोंधळी, वासुदेव आपापल्या बोलीत बोलतात, आणि विंचू चावल्याची बोंब उठते. ‘हिंदू-तुर्क संवादा’त तुर्काच्या तोंडी दखनी वळणाची बोली येते. वाद घालणारे दोघेही आवाजावरून ओळखू येतात.

पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राजव्यवहारकोश’ झाला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. नव्या राज्याला स्वतःची परिभाषा हवी होती. नाथांची गरज निराळी: श्रोत्याला आधीच ठाऊक असलेल्या शब्दांत त्याला न ठाऊक असलेला विचार घालायचा.

भाषेशी इतकं खेळणाऱ्या या माणसाने एके ठिकाणी मात्र हात आखडता घेतला. 1584 साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून त्यांनी पाठ शुद्ध केला. त्यात स्वतःची ओवी घातली नाही आणि इतरांनीही घालू नये, असं बजावून ठेवलं.