जावयाची गाडी आणि अत्तेंचे ‘सावकाश’

नोकरी हैदराबादला, आई-वडील सोलापूरला आणि सासर हुमनाबादचे. अशा माणसाने गाडी कोणती घ्यावी? घरच्यांचे मत ऐसपैस, मोठ्या डिकीच्या गाडीला होते. माझे मन मात्र फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयवर जडले होते. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणारे हे मॉडेल २०१३ मध्ये आले. इंजिन अवघे १.२ लिटरचे, ताकद १०५ अश्वशक्ती. शेवटी दारात तीच आली.

लहान इंजिनात एवढा जोर येतो तो टर्बोमुळे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर एक छोटी चक्री फिरते आणि जास्तीची हवा आत ढकलते. गिअर आपोआप बदलतात. क्लच दोन असल्याने एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो. याची खरी मजा हैदराबादच्या आऊटर रिंग रोडवर कळते. हा रस्ता १५८ किलोमीटरचा, आठपदरी, आणि दुचाकींना तिथे बंदी. २०२३ मध्ये तिथली कमाल वेगमर्यादा ताशी १०० वरून १२० किलोमीटर झाली. त्या वेगातही गाडी इतकी स्थिर असते, की मागे लेक गाढ झोपते.

मेहदीपट्टणमच्या गर्दीत मात्र सगळी ऐट उतरते. शहरात लिटरला जेमतेम दहा किलोमीटर मिळतात, हायवेवर पंधरा-सोळा. मागे तिघे बसले की खांद्याला खांदा लागतो. डिकीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे बसवताना सौभाग्यवतीची कसोटी लागते.

आमच्या अत्ते, म्हणजे सासूबाई, कन्नड बोलतात, आई मराठी. गाडीत मात्र दोघींचा शब्द एकच. अत्ते म्हणतात, ‘सावकाश होगरी!’ आई म्हणते, ‘सावकाश चालव रे!’ आपल्या सीमाभागात हा शब्द दोन्ही घरचा.

एकदा उसाच्या हंगामात, दिवेलागणीला आम्ही हुमनाबादहून उमरग्याकडे निघालो होतो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. मागे ना लाल दिवा, ना चमकपट्टी. आमचा वेग ऐंशीच्या आत होता. ब्रेक दाबताच पेडल पायाखाली थरथरले. पण चाके जाम झाली नाहीत, गाडी वळली आणि शेजारच्या मोकळ्या लेनमध्ये सावरली. मागे अत्ते, आई आणि लेक, तिघींनी पट्टे लावलेले होते. कुणाला खरचटलेही नाही. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग अत्तेंनी आपला पट्टा ओढून पाहिला आणि नातीचाही.

२०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅगच्या पोलोला चार. त्यानंतर कंपनीने एअरबॅगविना पोलो विकणे थांबवले. मागच्या सीटच्या पट्ट्याचे महत्त्व तर ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळच्या अपघाताने सर्वांनाच कळले. त्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

त्याच वर्षी भारतात पोलोचे उत्पादन थांबले. तरी आमची गाडी विकायची नाही, असे घरात एकमताने ठरले आहे. नवी गाडी घेणाऱ्यांना एवढेच सांगेन: शोरूममध्ये ती किती पळते हे जरूर विचारा, पण त्याआधी ती थांबते कशी आणि मागे बसणाऱ्यांना सांभाळते कशी, ते विचारा.