सूत्री व अर्धगुणसूत्री विभाजन : मानवी अंडपेशीच्या संदर्भात एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना

शरीराची वाढ, जखम भरून येणे व जीर्ण पेशींची जागा नव्या पेशींनी घेणे ही कार्ये सूत्री विभाजनाने होतात. युग्मकांची निर्मिती मात्र अर्धगुणसूत्री विभाजनाने होते. पहिल्यातून दोन व दुसऱ्यातून चार पेशी तयार होतात, एवढे सांगून अध्यापनात हा भेद अनेकदा संपविला जातो. वस्तुतः मूलभूत भेद पेशींच्या संख्येत नसून, कोणापासून कोण विलग होते यात आहे. मानवी अंडपेशीच्या आधारे हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन विभाजनांतील भेद

मानवी कायिक पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून व दुसरे पित्याकडून आलेले असते. दोन्ही प्रकारच्या विभाजनांपूर्वी डीएनएचे द्विगुणन एकदाच होते व प्रत्येक गुणसूत्र दोन अर्धगुणसूत्रांचे बनते.

सूत्री विभाजनात ही अर्धगुणसूत्रे परस्परांपासून विलग होतात आणि दोन्ही नव्या पेशींना ४६ गुणसूत्रांचा समान संच मिळतो. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या भागात मात्र समजात गुणसूत्रे जोडीने एकत्र येतात, पारगतीद्वारे आपल्या खंडांची देवाणघेवाण करतात व नंतर अखंड गुणसूत्रेच एकमेकांपासून दूर जातात. संख्या येथेच निम्मी होते. दुसरा भाग सूत्री विभाजनासारखा असून त्यात अर्धगुणसूत्रे विलग होतात. युग्मकांत अशी घट झाली नाही, तर प्रत्येक पिढीत आनुवंशिक द्रव्य दुप्पट होत जाईल, हे आउगुस्ट वाइझमान यांनी १८८७ मध्ये तर्काने मांडले होते. शिवाय जोड्या स्वतंत्रपणे विलग होत असल्याने, पारगती वगळूनही, एका व्यक्तीच्या युग्मकांत दोनाचा तेविसावा घात, अर्थात ८३,८८,६०८ प्रकारचे संच संभवतात.

अंडपेशीतील दीर्घ विराम

पुरुषात ही प्रक्रिया पौगंडावस्थेपासून अखंड चालते व एका पेशीपासून चार शुक्रपेशी तयार होतात. स्त्रीमध्ये ती स्वतःच्या जन्मापूर्वीच सुरू होते, पहिल्या पूर्वावस्थेत थांबते आणि अंडोत्सर्गाच्या सुमारास पुढे सरकते. दुसरा भाग तर शुक्रपेशीच्या प्रवेशानंतरच पूर्ण होतो. चार पेशींऐवजी एकच मोठी अंडपेशी व लहान ध्रुवीय पिंड निर्माण होतात.

म्हणजे चाळिसाव्या वर्षी परिपक्व होणाऱ्या अंडपेशीतील गुणसूत्रांच्या जोड्या चाळीसहून अधिक वर्षे एकत्र राहिलेल्या असतात. त्यांना धरून ठेवण्यात पारगतीचे बिंदू व कोहेसिन हे प्रथिन यांचा वाटा असतो. वयानुसार हे प्रथिन क्षीण होते व ते पुन्हा भरून निघत नाही, असे उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे. बंध सैल झाल्यास विलगीकरण चुकते. एकविसाव्या गुणसूत्राबाबत असे घडले, तर अपत्यात त्याच्या तीन प्रती येतात. डाऊन संलक्षणाचे हे कारण १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा अपत्याच्या जन्माची संभाव्यता मातेच्या पंचविसाव्या वर्षी सुमारे १,२५० मध्ये एक, तर चाळिसाव्या वर्षी सुमारे १०० मध्ये एक असते.

समारोप

अपत्यातील अशा स्थितीचा दोष समाजात अजूनही मातेच्या आहारावर, वर्तनावर वा नशिबावर ठेवला जातो. जीवशास्त्र वेगळे सांगते. ही चूक कोणाच्या कृतीची नसून, दीर्घकाळ थांबलेल्या एका पेशीय प्रक्रियेची आहे. ती तरुण मातांच्या बाबतीतही घडते व क्वचित शुक्रपेशीतही उद्भवते. म्हणून वर्गात या विभाजनाच्या अवस्थांची नावे पाठ करून घेण्याबरोबरच, पहिल्या पश्चावस्थेत नेमके काय विलग होते हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे. त्या एका उत्तरातून आनुवंशिकतेचे आकलन घडते, आणि एखाद्या मातेवरील अकारण ठपकाही दूर होऊ शकतो.